विश्लेषण : पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत क्युबाचा ठेका आला कुठून?

गोदावरीकाठचे पुणतांबे म्हटले की कुणाला चांगदेव महाराजांची समाधी आठवते, तर कुणाला २०१७ चा शेतकरी संप. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील या गावाची आणखी एक ओळख मात्र फारशी सांगितली जात नाही. १२ जानेवारी १९१८ रोजी येथे रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. पुढे सी. रामचंद्र या नावाने त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांना संगीत दिले. दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लागते, संगीतकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि बहुतेकांची माहिती तिथेच संपते.

त्या गाण्याच्या आधीची पंधरा-सोळा वर्षे याच माणसाने हिंदी गाण्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बोंगो आणि शिट्टीसुद्धा आणली होती. ‘शोला जो भडके’, ‘गोरे गोरे’, ‘ईना मीना डीका’ ही गाणी आजही लग्नाच्या बँडपासून रीलपर्यंत सगळीकडे वाजतात. त्यांच्या तळाशी जो ठेका आहे, तो जन्मला कॅरिबियन बेटांवर. हा ठेका पुणतांब्याच्या या मुलापर्यंत पोहोचला कसा, त्याने त्याचे केले काय आणि त्याच्या श्रेयात वाटेकरी कोण?

सुरुवात हार्मोनियमपासून

चितळकरांचे शिक्षण अस्सल हिंदुस्थानी संगीताचे. नागपुरात शंकरराव सप्रे आणि गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली. ग्वाल्हेर घराण्याची शिस्त असलेल्या या बुवांच्या शिष्याचा जॅझशी काही संबंध येईल, असे तेव्हा कुणाला वाटण्याचे कारण नव्हते.

चित्रपटात ते आले ते नट म्हणून. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली. नट म्हणून पुढे बस्तान बसले नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये त्यांनी किरकोळ भूमिका केल्या आणि तिथेच संगीतकारांच्या हाताखाली हार्मोनियम वाजवली. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली कामे मिळाली ती तमिळ चित्रपटांची. हिंदीत त्यांच्याकडे लक्ष गेले ते १९४२ च्या ‘सुखी जीवन’मुळे. दिग्दर्शक होते भगवान आभाजी पालव, म्हणजेच आपले भगवानदादा. कापड गिरणीत काम केलेला हा मराठी माणूस आणि पुणतांब्याचा हार्मोनियमवाला यांची ही जोडी नऊ वर्षांनी काय करणार होती, ते पुढे येईलच.

नावांचा मात्र गोंधळ होता. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून नुसते चितळकर आणि सुरुवातीच्या काही चित्रपटांत राम चितळकर, अण्णासाहेब, श्यामू अशीही नावे. पडद्यावरची नावे वाचून ही सगळी माणसे एकच आहेत, हे कळणे कठीणच होते.

मुंबईत जॅझ आला कसा?

१९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्याच्यापाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेत वर्णभेद तीव्र होता, त्यामुळे अनेक कृष्णवर्णीय वादक युरोप आणि आशियातील हॉटेलांमध्ये काम शोधत होते. वेदरफोर्ड तर नंतर कोलकात्यातच राहिला आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने गेला. त्याच्यासारख्या जॅझ पियानोवादकाची कबर भारतात असावी, ही गोष्ट आजही अनेकांना नवी वाटते.

या पाहुण्यांकडून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. त्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत वाचून लगेच वाजवणारे वादक मुंबईला गोव्यातून मिळत. त्यांतला एक होता आंतोनियो शाविएर वाझ. बार्देशातल्या हळदोणे गावचा हा ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखला जाई. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. वाजवणेच नव्हे, तर रंगमंचावर वावरणेही तसेच.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेले आणि क्लबांमधल्या रात्री ओसरल्या आणि तिथल्या वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा आधार अधिकच लागू लागला. हिंदी चित्रपटांत जॅझ शिरला, त्यामागे कलेइतकाच पोटाचाही प्रश्न होता.

‘संडे के संडे’ने काय बदलले?

सी. रामचंद्रांच्या कानावर तोपर्यंत अमेरिकी स्विंग संगीत पुरेसे पडले होते. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांचा त्यांच्यावरचा प्रभाव नेहमी सांगितला जातो. १९४७ च्या ‘शहनाई’मध्ये त्याचे फळ दिसले. पी. एल. संतोषी यांच्या या चित्रपटातील ‘आना मेरी जान संडे के संडे’ या गाण्यात त्यांनी आल्टो सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन आणि शिट्टी एकत्र आणली. गंमत म्हणजे चित्रपटाचे नाव ‘शहनाई’ आणि गाजला तो सॅक्सोफोन.

दोन वर्षांनी ‘पतंगा’ आला. ‘मेरे पिया गए रंगून’ हे शमशाद बेगम आणि चितळकर यांचे टेलिफोनवरचे गाणे घराघरांत पोहोचले. या गाण्यापासून राजेंद्र कृष्ण या गीतकाराबरोबरची त्यांची जोडी जमली. बोलण्यातले सोपे, खट्याळ शब्द आणि त्याला चालता-बोलता ठेका, हा त्यांचा साचा इथे पक्का झाला.

कॅरिबियन ठेका म्हणजे नेमके काय?

क्युबा, पोर्तो रिको, त्रिनिदाद ही कॅरिबियन बेटे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून तिथे आणि आसपासच्या प्रदेशात नेली गेली आणि त्यांतली बहुतेक उसाच्या मळ्यांत राबवली गेली. ऊस म्हणजे काय राबणे असते, हे नगर जिल्ह्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. क्युबात गुलामगिरी संपली ती १८८६ मध्ये. या माणसांनी आठवणीत जपलेले आफ्रिकी ढोल आणि मालक वर्गाची स्पॅनिश गिटार व गाणी यांच्या मिश्रणातून रुम्बा, सोन असे प्रकार तयार झाले. मांडीत धरून बोटांनी वाजवायचा जोड-ढोल म्हणजे बोंगो, तोही क्युबाचाच. मराकास म्हणजे तर आपला खुळखुळाच.

ठेक्याची गोष्ट करून पाहिल्याशिवाय कळत नाही. एक ते आठ आकडे सारख्या गतीने मोजत राहा आणि टाळी फक्त एक, चार आणि सात या आकड्यांवर द्या. तीन, तीन आणि दोन अशी आठ मात्रांची वाटणी होते. कॅरिबियन संगीतातला हा अगदी मूळचा सांगाडा. आता आपला केरवा आठवा. त्याच्याही मात्रा आठच, पण वाटणी चार-चार. बेरीज तीच असल्याने दोन्ही ठेके एकमेकांवर सहज बसतात. तबला किंवा ढोलक चार-चार चालत असताना वरून बोंगोने तीन-तीन-दोन मारले, तर गाणे बेताल होत नाही, उलट त्यात एक झोल येतो आणि पाय हलू लागतात.

म्हणूनच हा परदेशी ठेका आपल्या गाण्यात उपरा वाटला नाही. सी. रामचंद्रांना हे गणित कुणी फळ्यावर शिकवले नसेल. ठेक्याची जाण असलेल्या माणसाला ते कानानेच कळते.

‘गोरे गोरे’ : चाल उचलली, मग स्वतःचे काय?

१९५० चा ‘समाधी’ हा आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा चित्रपट. त्यात लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलेले ‘गोरे गोरे’ तुफान चालले. त्याच्या चालीचा धागा ‘चिको चिको’ या गाण्यातून घेतलेला आहे. १९४५ च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटात ते कारमेन मिरांडा यांनी गायले होते. त्रिनिदादमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये बँड चालवणारे एडमुंडो रोस यांनीही ते ध्वनिमुद्रित केले होते.

प्रवासाचा नकाशा पाहा. पोर्तो रिकोच्या माणसावरचे गाणे अमेरिकी संगीतकाराने लिहिले, पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या आणि ब्राझीलमध्ये वाढलेल्या गायिकेने गायले आणि पुणतांब्याच्या संगीतकाराने मुंबईत ते हिंदीत आणले. कॅरिबियन संगीत सी. रामचंद्रांकडे थेट बेटांवरून आलेच नव्हते. ते आले तबकड्यांतून, हॉलिवूडपटांतून आणि ताजच्या बँडमधून, म्हणजे दोन-तीन हातांतून फिरून.

मग याला चोरी म्हणायचे का? चाल घेतली हे खरेच आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. त्या काळात परदेशी रचनाकाराचे नाव देण्याची पद्धत नव्हती, ही पळवाट झाली, समर्थन नव्हे. मात्र मूळ गाणे आणि ‘गोरे गोरे’ एकापाठोपाठ ऐकले तर फरकही ऐकू येतो. मूळ गाणे एका गायिकेच्या अदाकारीवर चालते, तर हिंदी गाणे सवाल-जवाबावर. एकीने छेडायचे, दुसरीने उत्तर द्यायचे. तमाशा आणि लोकगीते ऐकत वाढलेल्या माणसाला ही रचना नवी नव्हती. घेतलेल्या चालीला त्यांनी इथल्या घरात वागवले. त्यांची स्वतःची चाल ऐकायची असेल, तर मात्र पुढच्या वर्षाकडे जावे लागते.

‘अलबेला’त काय घडले?

१९५१ चा ‘अलबेला’ ही भगवानदादांची आयुष्याची पैज होती. तोवर ते कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढत. राज कपूर यांच्या आग्रहावरून त्यांनी सामाजिक-संगीतमय चित्रपट करायचे ठरवले. नायक स्वतःच. ना देखणेपण, ना नायकाची शरीरयष्टी. सोबत गीता बाली. म्हणजे चित्रपट चालायचा तर तो गाण्यांवरच चालणार होता आणि ती जबाबदारी सी. रामचंद्रांवर होती.

‘शोला जो भडके’साठी त्यांनी बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा मेळ वापरला. लता मंगेशकरांबरोबर पुरुषी आवाज चितळकरांचा स्वतःचा. पडद्यावर भगवानदादांचे ते प्रसिद्ध, जेमतेम पाऊल उचलणारे नृत्य. इथे ठेका आणि नाच एकमेकांसाठीच बनलेले वाटतात. ज्याला नाचता येत नाही त्यालाही हे जमेल, असे पाहणाऱ्याला वाटते आणि गिरणगावापासून गावच्या जत्रेतल्या तंबूपर्यंत लोक त्यावर नाचले, ते यामुळेच. ‘भोली सूरत’चीही तीच गोष्ट. गणपतीच्या मिरवणुकीत आजही भगवानदादांची ही पावले दिसतात, नाचणाऱ्याला त्यांचे नाव माहीत असो वा नसो.

याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’ ही अंगाईही आहे. तिच्यात बोंगोही नाही आणि ट्रम्पेटही नाही. कुठे वाजवायचे इतकेच कुठे थांबायचे हेही या संगीतकाराला कळत होते, हे त्यातून दिसते.

श्रेय कुणाचे?

त्या काळी संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधून गाऊन दाखवी. ती स्वरलिपीत उतरवणे, कोणते वाद्य कुठे वाजेल हे ठरवणे आणि प्रत्येक वादकाचा कागद तयार करणे हे काम ॲरेंजर म्हणजे संगीत संयोजकाचे. हे काम करणारे बहुतेक गोवेकर होते. रेकॉर्डवर नाव छापले जाई ते संगीतकाराचे आणि गायकाचे.

सी. रामचंद्रांच्या संगीतातला जॅझ आणि कॅरिबियन भाग चिक चॉकलेट यांच्यासारख्या सहायकांशिवाय उभा राहिलाच नसता. क्लबमध्ये रात्ररात्र रुम्बा वाजवलेले हात स्टुडिओत आले म्हणून बोंगो नुसता सजावटीचा न राहता जिवंत वाजला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हेच वादक त्या काळात इतर अनेक संगीतकारांकडेही वाजवत होते, पण ‘अलबेला’ एकच झाला. चाल, शब्दांचा उच्चार आणि कोणत्या जागी परदेशी रंग भरायचा याचा निर्णय चितळकरांचा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. फरक एवढाच की पहिली सत्तर वर्षे फारशी कुणी सांगितली नाही.

‘ईना मीना डीका’चा किस्सा याच भागीदारीचा आहे. १९५७ च्या ‘आशा’साठी वेगळे गाणे हवे होते. खिडकीबाहेर मुले खेळताना इंग्रजी बालगीतासारखे काही निरर्थक शब्द म्हणत होती आणि तिथून सुरुवात सुचली, असे सांगतात. त्यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी पुढे कोकणीत ‘मला नको’ अशा अर्थाचे दोन शब्द जोडले, असाही या किश्शाचा पुढचा भाग आहे. शब्दांना अर्थ नाही आणि गळाच वाद्यासारखा वापरायचा, याला जॅझमध्ये स्कॅट गायन म्हणतात. किशोरकुमार यांनी ते जणू जन्मापासून करत असल्यासारखे गायले. आशा भोसले यांच्या आवाजातही ते गाणे आहे. त्या दोन कोकणी शब्दांवर पिढ्यानपिढ्या नाचल्या, अर्थ मात्र गोव्याबाहेर फार थोड्यांना कळला.

फक्त ठेकेवाले संगीतकार?

असा शिक्का त्यांच्यावर बसला होता खरा. उत्तर त्यांनी १९५३ मध्ये ‘अनारकली’ने दिले. ‘ये ज़िंदगी उसी की है’ हे भीमपलासीवर आधारलेले लता मंगेशकरांचे गाणे ऐकताना हाच माणूस ‘संडे के संडे’वाला आहे, यावर विश्वास बसत नाही. विनायकबुवांकडची तालीम कुठेही गेली नव्हती. १९५९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’मध्येही तीच बाजू दिसली.

१९५५ च्या ‘आज़ाद’ची गोष्ट त्यांच्या कामाच्या झपाट्याची. निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांना महिनाभरात सगळी गाणी हवी होती. नौशाद यांनी नकार दिला, सी. रामचंद्रांनी होकार दिला आणि वेळेत काम पूर्ण केले. त्यातले ‘कितना हसीं है मौसम’ तलत महमूद यांच्यासाठी होते. ते उपलब्ध नव्हते म्हणून चितळकरांनी तलत यांच्या ढंगात स्वतःच गायले. आजही अनेकांना तो आवाज तलत यांचाच वाटतो.

सरकारी रेडिओला का नको होती ही गाणी?

१९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांना चित्रपटसंगीतातली पाश्चात्त्य भेसळ मान्य नव्हती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ गायब झाली. श्रोते मग रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती आली तेव्हा सरकारलाही चित्रपटगीते परत घ्यावी लागली. एक मराठी मंत्री ज्या संगीताला दार बंद करत होता, त्याच संगीताचा बिनीचा शिलेदार नगर जिल्ह्यातला मराठी माणूस होता.

उतरती वर्षे

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लता मंगेशकर आणि त्यांच्यात अंतर पडले. त्यांच्या उत्तमोत्तम चाली ज्या आवाजासाठी बांधलेल्या होत्या, तोच आवाज दुरावला. चित्रपट कमी होत गेले. तोवर शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांनी बाजारपेठ व्यापली होती. पाश्चात्त्य वाद्यमेळ आता कुणा एकाची खासियत राहिला नव्हता.

चीन युद्धानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला. कवी प्रदीप यांचे शब्द, सी. रामचंद्रांची चाल आणि दुराव्यानंतर पुन्हा एकदा लता मंगेशकरांचा आवाज. ते गाणे अजरामर झाले, संगीतकाराची कारकीर्द मात्र त्याने सावरली नाही.

मराठीत त्यांनी ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) हे चित्रपट काढले, त्यांत भूमिकाही केल्या. ‘घरकुल’मधले ‘पप्पा सांगा कुणाचे’ मराठी घरांत मुलांच्या तीन पिढ्यांनी गायले आहे. सुरेश भटांचे ‘मलमली तारुण्य माझे’ याच चित्रपटातले. गदिमांच्या ‘गीतगोपाल’लाही त्यांनी चाली दिल्या. १९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आले. ५ जानेवारी १९८२ रोजी, ६४ व्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७ मध्ये गेले होते.

आता ऐकायचे झाले तर

क्रम असा ठेवता येईल. आधी ‘संडे के संडे’, त्यातली शिट्टी आणि सॅक्सोफोन पकडण्यासाठी. मग ‘शोला जो भडके’, हेडफोन लावून, कारण बोंगो फोनच्या स्पीकरवर नीट ऐकू येत नाही. त्यानंतर लगेच ‘ये ज़िंदगी उसी की है’. आणि ‘अलबेला’ यूट्यूबवर पाहत असाल तर ‘दीवाना परवाना’ या गाण्यापाशी जरा थांबा. झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला जो बँड तिथे वाजवताना दिसतो, तो चिक चॉकलेट आणि त्यांच्या साथीदारांचा आहे.